पोटातला गॅस जातच नाही: कारण शोधायचं कुठून?

ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, पाण्यात फसफसणारी पावडर झाली. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी तर कित्येक महिने चालूच आहे. तरी संध्याकाळ झाली की पोट डब्ब, कमरेचा पट्टा सैल करावासा वाटतो आणि चारचौघांत बसायची चोरी. अशा वेळी बहुतेक जण उपायामागून उपाय बदलत राहतात. कुणी गहू सोडतं, कुणी दूध, कुणी डाळी, आणि शेवटी ताटात वरणाशिवायचा भात तेवढा उरतो. हा त्रास मला बरीच वर्षं होता. मी डॉक्टर नाही, पण शोधायची एक पद्धत असते, आणि ती पाळली तर निम्म्याहून अधिक गोष्टी सोडायची गरजच पडत नाही, हे अनुभवाने सांगू शकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण तिच्यात जीव जाऊ शकतो. छातीत दाब किंवा जडपणा, तो जबड्याकडे, पाठीत किंवा हातात सरकतोय, दरदरून घाम, धाप, मळमळ असं काही असेल तर तो गॅस समजून ओवा चावत बसू नका. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराचा झटका अगदी ‘पोटात गुबारा धरलाय’ असाच वाटू शकतो. १०८ला फोन लावा आणि ईसीजी काढून घ्या. ढेकर आल्यावर बरं वाटलं, म्हणजे हृदयाचं काही नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

तसंच वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, रक्त कमी होणं, वारंवार उलट्या, गिळताना अडकणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांतलं काहीही असेल तर पुढचे घरगुती प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासणी. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं पोट रोजच्या रोज फुगलेलं राहायला लागलं, थोडं खाल्लं तरी पोट भरायला लागलं, तर ओटीपोटाची सोनोग्राफी करून अंडाशय बघून घ्यावेत. ‘वयोमानाने होतं’ म्हणून हे फार वेळा मागे पडतं.

वरून, खालून, की नुसतंच फुगणं?

निरोगी माणूस दिवसातून दहा ते वीस वेळा वारा सोडतो, आणि दिवसभरात मिळून साधारण अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो. म्हणजे गॅस होणं हा आजार नाही. त्यातला जवळजवळ सगळा भाग नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या बाबतीत मिथेन अशा बिनवासाच्या वायूंचा असतो. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि त्यांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असतं. त्यामुळे वास जास्त म्हणजे बिघाड जास्त, असा हिशेब नाही.

तक्रार ढेकरांची असेल तर ती बहुतेक वेळा गिळलेली हवा असते. भराभर जेवणं, जेवताना बोलणं, सोडा आणि कोल्ड्रिंक, च्युइंगगम, सिगारेट, सैल झालेली कवळी या सगळ्यांतून हवा पोटात जाते. एक प्रकार मात्र वेगळा ओळखावा. काहींना एकामागून एक, मिनिटाला कित्येक ढेकर येतात आणि घरचे हैराण होतात. यात हवा जठरातून येतच नाही. माणूस नकळत ती अन्ननलिकेत ओढतो आणि लगेच बाहेर टाकतो. खूण सोपी आहे: झोपेत हे ढेकर पूर्ण बंद असतात, आणि लक्ष दुसरीकडे गुंतलं की कमी होतात. यावर कुठलाही काढा चालत नाही. पोटाने श्वास घेण्याचा सराव चालतो. ढेकरांची लाट आली की दातांत पेन धरून तोंड किंचित उघडं ठेवायचं, तेवढ्यानेही हवा ओढणं थांबतं. करून बघायला पैसे पडत नाहीत.

करपट ढेकर, छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं हे आम्लाचं प्रकरण. सकाळची ती गोळी, पँटोप्राझोल किंवा तिची भावंडं, याच्यासाठी असते. खालच्या गॅसवर तिचा उपयोग नाही. उलट जठरातलं आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवलं तर लहान आतड्यात जिवाणू वाढायला वाव मिळतो, आणि काहींचा गॅस त्यातूनच वाढतो. तरी ती एका दिवसात बंद करू नका, कारण जुनी गोळी अचानक सोडली की काही दिवस आम्ल उसळून येतं आणि ‘बघा, गोळीशिवाय चालत नाही’ असं वाटून माणूस पुन्हा तिच्याकडे वळतो. कमी कशी करायची ते डॉक्टरांना विचारा.

आरोप नेहमी चुकीच्या जेवणावर जातो

खालचा गॅस तयार होतो मोठ्या आतड्यात. लहान आतड्यात न पचलेली साखर आणि तंतू तिथं पोचले की जिवाणू ते आंबवतात. पण अन्नाला तिथपर्यंत पोचायला बरेच तास लागतात. सकाळी नऊला खाल्लेल्या मिसळीचा गॅस दुपारी सुरू होतो, आणि दुपारच्या उसळीचा संध्याकाळी. मग संध्याकाळी चहासोबत खाल्लेल्या दोन बिस्किटांवर खापर फुटतं! जेवल्या जेवल्या पोट गुडगुडतं आणि वारा सरतो, त्याचंही कारण हेच. नवीन घास जठरात पडला की मोठं आतडं हलायला लागतं आणि आधीच्या जेवणाचा माल पुढे सरकतो. अपवाद दुधाचा. ते पचत नसेल तर अर्ध्या ते दोन तासांत कळतं.

म्हणून दोन आठवडे वही ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता, शौचाला कसं झालं, झोप कशी होती, बायकांनी पाळीची तारीख. त्रास झाला की मागचे आठ तास वाचायचे, फक्त शेवटचा घास नाही. या काळात काहीही सोडायचं नाही. सोडलं तर तुलना कशाशी करणार?

वहीत पहिलं बघायचं ते शौच. रोज सकाळी जातो म्हणजे बद्धकोष्ठ नाही, असं नसतं. जोर करावा लागतो, खडे पडतात, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, पुन्हा जावंसं वाटतं, हे सगळं बद्धकोष्ठच. मळ आत जितका वेळ राहील तितकं आंबणं जास्त, आणि वायूला बाहेर यायची वाटही अडलेली. हे निस्तरल्याशिवाय खाण्याचे प्रयोग करण्यात अर्थ नाही, कारण त्यांचे निकाल विश्वासाचे राहत नाहीत. इसबगोल एकदम दोन चमचे घेऊ नका, तेवढ्यानेही फुगतं. अर्ध्या चमच्याने सुरुवात करून भरपूर पाण्यासोबत हळूहळू वाढवा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या. बद्धकोष्ठासाठीचं लॅक्टुलोजचं सिरप चालू असेल तर ते स्वतःच गॅस करतं. जिवाणूंनी आंबवावं म्हणूनच ते दिलेलं असतं.

दुसरं, औषधांची पिशवी. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने अनेकांना गॅस आणि पातळ शौच होतं. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराने ते बऱ्याचदा कमी होतं. व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही मधुमेहाची औषधं तर पिष्ट पचूच देत नाहीत, मग ते सरळ मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. घरात मधुमेही असेल आणि गॅस गोळी बदलल्यानंतर सुरू झाला असेल, तर डाळीला दोष देण्याआधी चिठ्ठी वाचा. मनाने मात्र काही बंद करू नका.

ताटातले संशयित

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी आंबणाऱ्या या सगळ्या साखरांना एकत्र ‘फॉडमॅप’ असं नाव दिलं आणि त्यावरून आहाराची पद्धत बसवली. इंटरनेटवर त्याच्या लांबलचक याद्या मिळतात आणि लोक पूर्ण यादी वर्षानुवर्षं पाळतात. पद्धत तशी नाहीच. दोन ते सहा आठवडे वर्ज्य, मग एकेक गट परत आणून बघायचा, आणि जो सोसतो तो कायमचा ताटात. परत आणणं हीच खरी परीक्षा. यादी कायम पाळली तर चांगले जिवाणूही उपाशी राहतात.

पूर्ण यादीऐवजी आपल्या स्वयंपाकघरातले मोठे संशयित एकेक करून तपासणं मला जास्त व्यवहार्य वाटतं.

दूध: दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि ती पचवणारं एन्झाइम म्हणजे लॅक्टेज. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या आतड्यात हे लॅक्टेज कमी असतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि तेवढं जेवणासोबत बऱ्याच जणांना चालून जातं. अर्धा कप चहात ते इतकं थोडं असतं की चहाला सहसा निर्दोष सोडायला हरकत नाही. संशय घ्यावा तो रात्रीच्या हळद-दुधाच्या ग्लासावर, जिममधल्या प्रोटीन पावडरीवर आणि बासुंदीवर. आटवताना पाणी उडतं, लॅक्टोज तिथंच राहतं. श्रीखंड मात्र तुलनेने सुटतं, कारण चक्का बांधताना निवळीबरोबर बरंच लॅक्टोज वाहून जातं. दही-ताक बहुतेकांना सोसतं, तुपात तर लॅक्टोज नसल्यातच जमा. एक आठवडा दूध बंद, मग सकाळी उपाशीपोटी एक ग्लास दूध आणि चार तास बघायचं. जुलाबाच्या साथीनंतर काही आठवडे दूध न सोसणं हा तात्पुरता प्रकार असतो, त्यावरून जन्मभराचा निर्णय घेऊ नये.

कांदा-लसूण: माझ्या बाबतीत मुख्य गुन्हेगार हाच निघाला, आणि माझ्या मते मराठी घरांत याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पावट्याला सगळे ‘वातूळ’ म्हणतात, कांद्याला कुणी म्हणत नाही. यातली फ्रुक्टान नावाची साखर कुठल्याच माणसाला पचत नाही. त्रास होतो तो प्रमाणाने आणि आतड्याच्या संवेदनशीलतेने. आणि आपल्याकडे प्रमाण केवढं! पोह्यांत कांदा, भाजीच्या वाटणात कांदा, आमटीला लसणाची फोडणी, वरून कांदा-लसूण मसाला, ताटात लसणाची चटणी आणि भाकरीशेजारी फोडलेला कांदा.

याची परीक्षा मात्र आपल्या पंचांगातच बसवलेली आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण आणि वांगं वर्ज्य असतं, आणि त्याआधी कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं यांवर ताव मारला जातो. धार्मिक बाजू बाजूला ठेवा. भरपूर कांदा, मग चार महिने शून्य, मग पुन्हा सुरू, अशी वर्ज्य करून परत आणण्याची इतकी स्वच्छ चाचणी कुठल्याही आहारतज्ज्ञाला हेवा वाटावा अशी आहे. घरात चातुर्मास पाळत असतील तर वही घेऊन बसा. श्रावणात पोट हलकं आणि कार्तिकानंतर पुन्हा डब्ब, असं दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे. चार महिने थांबायचं नसेल तर तीन आठवडे पुरतात. बाहेरचा मसाला, शेव, फरसाण, सूपची पाकिटं यांतही कांदा-लसणाची पूड असते, ती विसरू नका.

चव जाते म्हणून लोक हे सोडत नाहीत. त्यावर एक उपाय आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात मंद तळून काढून टाकल्या तर वास तेलात उतरतो आणि त्रास पाकळीसोबत जातो. रश्श्यातून कांद्याच्या फोडी वेचून उपयोग नाही, तिथं तो पाण्यात उतरलेला असतो. पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही.

गहू: यातही तेच फ्रुक्टान असतं. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी किंवा भात खाऊन हलकं वाटलं, की लोक ग्लुटेनला, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाला, दोषी ठरवून मोकळे होतात. तसं असेलच असं नाही. पण ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते असा सीलियाक नावाचा खरा आजारही आहे, आणि त्याची टीटीजी नावाची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. गहू सोडून काही महिने झाल्यावर ती तपासणी खोटं ‘सगळं ठीक’ सांगू शकते. म्हणून आधी रक्त द्या, मग पोळी सोडा.

डाळी-कडधान्यं: रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. वाटाणा, हरभरा, राजमा, पावटा, वाल जड. मोड आलेले मूग आणि मुगाची डाळ त्यामानाने हलकी. रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं, मोड आणले, नव्या पाण्यात मऊ शिजवलं की बराच फरक पडतो. वालाच्या बिरड्यासाठी वाल भिजवून, मोड आणून, सोलण्याचा जो उपद्व्याप कोकणात करतात, तो पोटाच्याही भल्याचा आहे. पिठल्याला ही सोय नाही. बेसन न भिजवता, न मोड आणता तसंच कढईत जातं. पिठलं-भाकरी आणि सोबत कच्चा कांदा खाऊन रात्रभर कूस बदलणाऱ्यांनी याचा विचार करावा. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम गोळीच्या रूपात मिळतं. ते पहिल्या घासासोबत घेतलं तरच कामाचं, जेवण झाल्यावर नाही. आणि ते डाळींपुरतंच, कांद्यावर किंवा दुधावर चालत नाही.

बाकीचे थोडक्यात. आमरस: आंब्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, आणि ते जास्तीचं नीट शोषलं जात नाही, वर दोन वाट्या रस आणि पुऱ्या, मग मे महिन्यातला त्रास वेगळा समजावा. फ्लॉवर आणि मशरूममध्ये मॅनिटॉल, हीसुद्धा नीट न पचणारी गोडी. बिनसाखरेच्या गोळ्या, च्युइंगगम आणि मधुमेहींसाठीच्या मिठाईत तिचीच भावंडं, सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल. उपवासाला त्रास होतो तो बहुधा एकादशी दुप्पट खाल्ल्यामुळे, साबुदाण्याचा त्यात फारसा दोष नाही.

गॅस नाहीच, तरी पोट फुगतं

सकाळी पोट सपाट, संध्याकाळी सहा महिन्यांचं, आणि खाण्यातलं काहीही सोडलं तरी फरक नाही, अशांसाठी हे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी अशा रुग्णांचे फुगलेल्या अवस्थेत सीटी स्कॅन काढले, तेव्हा आत वायू जवळपास नेहमीइतकाच दिसला. बदललं होतं ते स्नायूंचं वागणं. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू, खाली ढकललं जात होतं आणि पोटाची पुढची भिंत सैल पडत होती. थोडाही वायू आतड्याला जास्त जाणवतो आणि शरीर असं उलटं उत्तर देतं. हा मनाचा खेळ नाही, पोट खरंच पुढे येतं आणि फीतीने मोजता येतं. पण यावर वायू कमी करणारं औषध कसं चालणार? जेवणाआधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं सावकाश पोटाने श्वास घ्यायला शिकणं, तेही शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून, याचा उपयोग होतो. ताण आणि अपुरी झोप यांनी हा प्रकार हमखास बळावतो.

जेवणानंतरची शतपावली सगळ्याच प्रकारांत कामी येते. हलकं चालल्याने आतड्यातला वायू पुढे सरकतो, हे मोजून पाहिलेलं आहे. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल पोटात कळ येणाऱ्यांना उपयोगी पडतात, पण जळजळ असेल तर ती वाढवतात. गॅसवरच्या अनेक औषधांत असणारं सिमेथिकोन बुडबुडे एकत्र करतं, वायू कमी करत नाही. फसफसणारी पावडर तर पोटात कार्बन डायऑक्साइड तयार करते, म्हणूनच मोठा ढेकर येतो आणि मोकळं वाटतं. तिच्यात सोडियम बरंच असतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ती रोज घेऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना

वही न्या. ‘खूप गॅस होतो’ एवढ्या वाक्यावर आम्लाची गोळीच लिहून मिळते. रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, टीटीजी, आणि पातळ शौच किंवा अलीकडे बाहेरचं पाणी पिणं झालं असेल तर जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी शौचाची तपासणी, इतकं बहुधा पुरतं. सोनोग्राफीच्या अहवालात पोटात भरपूर वायू दिसल्याचं लिहिलेलं असतं आणि लोक ते निदान समजून घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच, की वायूमुळे मागचे अवयव नीट दिसले नाहीत.

लहान आतड्यात जिवाणू वाढल्याची शंका असेल तर मोठ्या शहरांतल्या पोटविकार केंद्रांत श्वासातला हायड्रोजन मोजण्याची चाचणी होते. आदल्या दिवशी डाळ, दूध, फळं बंद आणि साधा भात, रात्रभर उपास, मग साखरेचं द्रावण पिऊन दर पंधरा ते तीस मिनिटांनी दोन-तीन तास नळीत फुंकायचं. पहिल्या दीड तासात हायड्रोजन सुरुवातीच्या पातळीपेक्षा २० पीपीएमने (दहा लाख भागांत २० भागांनी) वाढला तर चाचणी सकारात्मक धरतात. त्याआधीचे चार आठवडे प्रतिजैविकं घेतलेली नसावीत. लॅक्टुलोज वापरून केलेल्या चाचणीचा निकाल जरा सांभाळून घ्यावा. ते काहींच्या मोठ्या आतड्यात लवकर पोचतं आणि नसलेला आजार दाखवतं. शक्य असेल तर ग्लुकोजची मागा.

आणि रक्ताच्या एका थेंबावरून शंभर-दोनशे पदार्थ ‘सोसत नाहीत’ असं सांगणारी महागडी आयजीजी तपासणी करू नका. त्यात जे वर येतं ते बहुतेक तुम्ही नेहमी खाता तेच असतं. शरीराला त्या अन्नाची ओळख आहे, एवढंच ते प्रतिपिंड सांगतं. त्या पैशात वर्षभराचे चांगले मूग येतील.